'व्हेरी'चं घराणं

'व्हेरी' म्हणजे 'खूप', हे जळगाव-धुळ्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. पण हा शब्द इंग्रजीत आला तो 'खरा' या अर्थाने. लॅटिन 'वेरुस' म्हणजे खरा. त्याच कुळातला जुन्या फ्रेंचचा 'वेराय' इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमार्फत इंग्लंडात पोचला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचं 'व्रे' झालंय, अर्थ अजून 'खरा'च. 'व्हेरिफाय' (पडताळणे) आणि 'व्हर्डिक्ट' (निवाडा) सख्खी भावंडं, जर्मन 'वार' (खरं) चुलत.

मग 'खरा'चं 'खूप' झालं कसं? चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स' या काव्यात सरदाराचं वर्णन 'व्हेरे, पार्फिट, जेंटिल' असं केलंय: खरा, परिपूर्ण, खानदानी. विशेषणं अशी ओळीने लागली की पहिलं पुढच्याला चिकटतं. आपलं भरीतच घ्या. 'खरं, तिखट भरीत' म्हणजे अस्सल आणि वर तिखटही. मधला स्वल्पविराम गेला की 'खरं तिखट भरीत' उरतं, आणि ऐकणारा समजतो 'खरोखर तिखट'. तिथून 'फार तिखट' कितीसं लांब?

त्याआधी 'खूप' सांगायचं काम जुन्या इंग्रजीतला 'स्विथ' करायचा. मूळ अर्थ 'जोरात'. तो पार गेला. 'सोर' म्हणजे दुखरा, तोही 'खूप'साठी चालायचा. त्याचा जर्मन भाऊ 'झेर' आजही 'खूप'च सांगतो, दुखणं विसरून. आपण 'भयंकर गोड' म्हणतो तेव्हा कोण घाबरतं? जोर देणारे शब्द असेच झिजतात.

जुना अर्थ 'द व्हेरी डे'मध्ये टिकलाय. तिथे 'खूप' घातलंत तर वाक्य बिघडतं. मराठीत 'त्याच दिवशी'तला 'च' घ्यायचा. आपली नेहमीची चूक म्हणजे 'आय व्हेरी लाइक इट'. मराठी 'खूप' क्रियापदालाही चालतं, 'खूप' या अर्थाचा 'व्हेरी' मात्र विशेषणाच्या नाहीतर क्रियाविशेषणाच्याच आधी बसतो. क्रियापदासाठी 'व्हेरी मच' घ्या आणि ते वाक्याच्या शेवटी टाका: 'आय लाइक इट व्हेरी मच'.

आवाज जुळला म्हणून सोयरीक मात्र जुळवू नका. 'एव्हरी'तला 'व्हेरी' निव्वळ योगायोग. तो शब्द 'एव्हर' आणि 'ईच' यांच्या जुन्या रूपांचा जोड आहे. संस्कृत 'वर'ही इथे ओढू नये, तो 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचा.