स्क्रीनरलाही नो-गो बाजू लागते

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या स्क्रीनरच्या अटी पाठवा ना, मी तशाच टाकतो." स्क्रीनर म्हणजे आपण घातलेल्या अटींत बसणाऱ्या कंपन्या शेअर बाजारातून चाळून देणारं साधन. अटी पाठवायला हरकत काहीच नव्हती, सगळ्या मिळून सात ओळी आहेत. पण त्या ओळी आज आहेत तशा का झाल्या, हे न सांगता त्याच्या हाती देणं मला पटेना. म्हणून जरा सविस्तर लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. भोकाचा व्यास तपासायला आमच्याकडे प्लग गेज असायचा. त्याची 'गो' बाजू भोकात सहज गेली पाहिजे आणि 'नो-गो' बाजू अजिबात जाता कामा नये. नुसती गो बाजू लावून पीस पास केला, तर भोक मापापेक्षा कितीही मोठं झालेलं असो, कळणारच नाही. ही गोष्ट मी नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवली. आणि शेअर निवडायला पहिला स्क्रीनर बनवला तेव्हा मी स्वतः चारही अटींना फक्त गो बाजू लावली.

त्या अटी बहुतेक सगळेच लावतात तशा होत्या. आरओई (भागधारकांच्या भांडवलावर मिळालेला नफा) १५ टक्क्यांहून जास्त, डेट-टू-इक्विटी (त्याच भांडवलाशी कर्जाचं गुणोत्तर) ०.५ पेक्षा कमी, विक्रीत दरवर्षी सरासरी १० टक्के वाढ आणि पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) २५ च्या खाली. यादी आली, ती आरओईप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली. वरून तिसऱ्या नावाचा आरओई ४० टक्के होता. शेजारच्या रकान्यात कर्जाचं गुणोत्तर उणे ६ दिसत होतं.

उणे कर्ज म्हणजे काय? मी त्या कंपनीचा ताळेबंद उघडला. आकडे सोपे करून सांगतो. वर्षानुवर्षांच्या तोट्याने भागधारकांचं सगळं भांडवल खाऊन टाकलं होतं आणि नेटवर्थ, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून भागधारकांसाठी उरतं ते, उणे ५० वर गेलं होतं. डोक्यावर कर्ज ३००. त्या वर्षीचा तोटा २०. आता उणे २० ला उणे ५० ने भागा, उत्तर अधिक ४० टक्के येतं. आरओईची अट पास. ३०० ला उणे ५० ने भागा, उणे ६ येतं, आणि उणे ६ हा आकडा ०.५ पेक्षा कमीच आहे. दुसरी अट पास. तोटा असल्यामुळे पीई उणे, तोही २५ च्या खाली. विक्री तेवढी खरोखरच वाढत होती. बुडायला आलेली कंपनी माझ्या यादीत वरून तिसरी आली होती, आणि स्क्रीनरने गणितात एकही चूक केलेली नव्हती. मी विचारलं तेवढंच त्याने तपासलं.

त्या दिवसापासून एकही अट मी एकाच बाजूने लिहीत नाही. नेटवर्थ शून्याच्या वर, नफा शून्याच्या वर, कर्जाचं गुणोत्तर ० ते ०.५ च्या मध्ये. आणि ज्या कंपनीचा आकडाच मिळालेला नाही ती बाहेर. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मी तेव्हा वापरत होतो त्या स्क्रीनरमध्ये रिकामा रकाना शून्य धरला जायचा, म्हणजे कर्जाची माहितीच नसलेली कंपनी कर्जमुक्त ठरायची.

त्यानंतर आरओई काढून आरओसीई घेतला, म्हणजे स्वतःचं आणि कर्जाचं मिळून गुंतलेल्या सगळ्या भांडवलावरचा कामकाजातला नफा. याचं कारण भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं होतं. दोन कंपन्या घे, धंदा अगदी सारखा, दोघींत १०० चं भांडवल गुंतलंय आणि दोघींचा कामकाजातला नफा १२ आहे. पहिलीचं सगळं भांडवल स्वतःचं. दुसरीचं २० स्वतःचं आणि ८० कर्जाचं, ८ टक्क्यांनी. व्याजाचे ६.४ गेले, उरले ५.६. कर बाजूला ठेवला तर पहिलीचा आरओई १२ टक्के आणि दुसरीचा २८. धंदा तोच, फक्त उसना पैसा जास्त. आरओसीई मात्र दोघींचा १२ येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत द्यूपाँ या अमेरिकी कंपनीत परताव्याचे तुकडे पाडून बघायची पद्धत रुजली. आज तिच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आरओई तीन भागांत फोडतं: विक्रीवरचा नफा, मालमत्ता किती वेळा फिरली आणि कर्जाची पट. आरओई चांगला दिसला की तो या तिघांपैकी कशामुळे चांगला आहे, हे मी आधी बघतो.

आरओसीईही फसवतो. भागाकाराची खालची बाजू आटली की वर काही न बदलता टक्केवारी चढते. २०० च्या भांडवलावर २० नफा, म्हणजे १० टक्के. कंपनीने एक फसलेली खरेदी पुस्तकातून निर्लेखित केली, म्हणजे बुडीत धरून काढून टाकली, ८० गेले. पुढच्या वर्षी नफा तोच २०, पण भांडवल १२०. आरओसीई साडेसोळाच्या वर! ८० बुडाले आणि कंपनी माझ्या १५ च्या अटीत बसली. म्हणून एका वर्षाचा आकडा मी बघतच नाही, दहा वर्षांचे बघतो.

त्यातही सरासरी नाही घेत. नऊ वर्षं १० टक्के आणि एक वर्ष ९० टक्के, सरासरी १८ येते. ते ९० चं वर्ष मालाचे भाव भडकल्याचं असेल, नाहीतर जमीन विकल्याचं. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, काढला तर १० येतो, आणि ते खरं चित्र आहे. माझी अट आता अशी आहे: दहा वर्षांचा मध्यक १५ च्या वर आणि सगळ्यात वाईट वर्षसुद्धा ८ च्या खाली नको. धातू, रसायनं, जहाजं अशा चढउताराच्या धंद्यांतल्या कंपन्या बहुतेक या दुसऱ्या अर्ध्या ओळीतच गळतात. ऐन तेजीत त्यांचा पीई स्वस्त दिसतो, कारण खाली भागायला आलेला नफा फुगलेला असतो.

आता रोखीची अट. ही मला महाग पडली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त सांगतो.

एक कंपनी मी चार वर्षं धरून ठेवली होती. नाव लिहीत नाही. नफा दरवर्षी वाढत होता, आरओसीई वीसच्या वर, कर्ज किरकोळ. घेतली तेव्हा विक्री समजा १०० होती आणि गिऱ्हाइकांकडून येणी २०, म्हणजे साधारण ७३ दिवसांची उधारी. तीन वर्षांनी विक्री १६० झाली आणि येणी ८०. उधारी १८२ दिवसांवर गेली. विक्री ६० ने वाढली होती आणि तेवढीच्या तेवढी ६० येण्यांत जाऊन बसली होती. नफ्याच्या पानावर हे कुठेच दिसत नाही, कारण माल पाठवून बिल केलं की विक्री धरली जाते, पैसे कधी का येईनात. कामकाजातल्या रोख प्रवाहाचं पान मात्र पहिल्या वर्षापासून ओरडून सांगत होतं. मी ते उघडलं नाही. पुढे येणी बुडीत धरली गेली आणि अर्ध्याहून कमी भावाला मी बाहेर पडलो.

ज्या नफ्यात रोख कमी आणि नुसत्या हिशेबी नोंदी जास्त, तो पुढच्या वर्षांत कमी टिकतो, हे हिशेबशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड स्लोन यांनी १९९६ साली अमेरिकी कंपन्यांच्या आकड्यांवरून दाखवून दिलं होतं. मला ते उशिरा वाचायला मिळालं. आता माझी अट आहे की दहा वर्षांच्या कामकाजातल्या रोखीची बेरीज दहा वर्षांच्या निव्वळ नफ्याच्या बेरजेच्या किमान ८० टक्के हवी. बेरीज अशासाठी की वाढत्या कंपनीचं एखादं वर्ष माल भरण्यात जातं, त्यासाठी तिला बाद करणं अन्याय होईल. आणि खरं तर ८० ही सैल अट आहे. या रोखीत घसारा (यंत्रं-इमारती झिजल्याची नोंद, तिच्यात रोख जात नाही) परत मिळवलेला असतो, त्यामुळे निरोगी कंपनीची बेरीज नफ्याच्या पुढेच जायला हवी. शिवाय येण्यांचे दिवस पाच वर्षांत ३० पेक्षा जास्त वाढलेले नकोत, अशी वेगळी ओळही घातली आहे.

मध्यंतरी पिओट्रोस्की स्कोअरही लावून बघितला. २००० साली आलेली ही नऊ खुणांची पद्धत मला मनापासून आवडते, पण ती मुळात पुस्तकी किमतीच्या (ताळेबंदातल्या नेटवर्थच्या) मानाने स्वस्त शेअरांतून धडधाकट कंपन्या निवडायला केलेली आहे. तिच्या बऱ्याच खुणा मागच्या वर्षीपेक्षा सुधारणा मोजतात. आधीच उत्तम असलेली कंपनी एखाद्या वर्षी जागच्या जागी राहिली तर तिचे गुण कापले जातात. माझ्या कामाला ती जुळली नाही, काढून टाकली.

बँका आणि वित्त कंपन्या मी सरळ वगळतो. कर्ज हा त्यांचा कच्चा माल आहे, या अटी त्यांना लागूच होत नाहीत. पीईची अटही काढली. भाव किती द्यायचा हा प्रश्न मी कंपनी निवडून झाल्यावर घेतो. उरलेल्या दोन ओळी साध्या आहेत: दहा वर्षांत विक्री दरवर्षी ८ टक्क्यांनी तरी वाढलेली आणि त्या काळात शेअरांची संख्या १० टक्क्यांपेक्षा जास्त न फुगलेली, आणि रोजची उलाढाल एवढी की मला एका दिवसात बाहेर पडता येईल.

पण भाच्याला मी या सात ओळींच्या आधी चोवीस नावांची यादी पाठवली. आमच्याकडे कुठलाही गेज वापरात आणायच्या आधी मास्टरवर, म्हणजे ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशा नमुन्यावर, तपासला जायचा. तसे माझे हे मास्टर आहेत. ज्यांचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल मी स्वतः वाचलेत अशा बारा चांगल्या कंपन्या आणि बारा वाईट. वाईटांतल्या काही आता बाजारात उरलेल्याही नाहीत, त्यांचे आकडे मी जुन्या अहवालांतून हाताने भरले आहेत. ते भरणं भाग होतं, कारण स्क्रीनर आज जिवंत असलेल्याच कंपन्या दाखवतो आणि मेलेल्या तिथे साक्षीला येत नाहीत. पहिल्यांदा ही यादी लावली तेव्हा बारातल्या पाच चांगल्या कंपन्या बाद झाल्या होत्या. दोघी केवळ रोकड साठवून बसल्या होत्या म्हणून. ती पडून असलेली रोकड भांडवलातून वजा करून आरओसीई काढायला मी त्यानंतर लागलो. तरी एक चांगली कंपनी आजही बाद होते. तिच्यासाठी अट सैल केली तर दोन वाईट आत येतात, म्हणून तिला वेगळं ठेवून हाताने बघतो.

काल रात्री भाच्याचा परत फोन. "मामा, तुमच्या चांगल्यांतल्या तीन माझ्याकडे बाद होतायत." एक ठरलेलीच होती. दुसरीसाठी आम्ही फोनवरच आकडे ताडून बघितले. त्याच्या स्क्रीनरवर मूळ कंपनीचे एकट्याचे आकडे निवडलेले होते, उपकंपन्या धरून एकत्रित नव्हते. तिचा निम्म्याहून जास्त नफा उपकंपन्यांत आहे. त्याने ते बदललं आणि ती आत आली. तिसरीने मधल्या एका वर्षी हिशेबाचं वर्ष बदललेलं आहे, त्यामुळे एक वर्ष पंधरा महिन्यांचं आहे आणि विक्रीवाढीचा आकडा बिघडतोय असा माझा अंदाज आहे. तिचा त्या वर्षीचा अहवाल त्याने शोधून ठेवलाय. शनिवारी दोघं मिळून तो बघणार आहोत.