एकाच फांदीला मोहर

जानेवारी लागला की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातून मला एकसारखे फोन येतात: हापूसला मोहर नाही, काय फवारू? नंदगडकडच्या एका मामांचं बोलणं मात्र वेगळं होतं. "एकच फांदी भरलीया ओ, बाकी झाड नुसतं हिरवंगार. येऊन बघून जावा की."

गेलो. झाड तजेलदार, कोवळ्या तांबूस पालवीनं भरलेलं. विहिरीकडची एक फांदी तेवढी मोहरानं लगडलेली. घरच्यांनी तिला हळदकुंकू लावलं होतं. मी फांदीच्या बुडाशी हात फिरवला तर बोटाला तार लागली. कपडे वाळत घालायला कधीतरी गुंडाळलेली, आता सालीत पुरती रुतलेली. तारेच्या वरची साल फुगून जाड वळी आली होती.

पानं बनवतात ते अन्न सालीतूनच खाली मुळांकडे उतरतं. तारेनं ती वाट आवळली, अन्न वरच अडकलं, वाढ मंदावली आणि फांदी मोहरली. उरलेल्या झाडाला शेजारच्या उसाचा पाट आणि उसाचाच युरिया बारा महिने मिळत होता. एवढं सुख असताना ते फक्त पालवीच काढत राहणार.

मला शिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातले पाइनचे तास आठवले. बियाण्यासाठी राखलेल्या पाइनच्या बागांत शंकू धरावेत म्हणून हेच करतात: खोडावर साल अर्धवट कापतात, मुळं छाटतात, पाण्याचा ताण देतात, झाडं विरळ करून शेंड्याला ऊन मिळवून देतात. वर जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरकही देतात, खोडात टोचून किंवा फवारून. आंब्यात नेमकं उलटं. तिथे जिबरेलिन मोहर अडवतं, म्हणून ते रोखणारं कल्टार नावाचं औषध वापरावं लागतं. एकाच संप्रेरकाच्या घराण्याचं दोन झाडांत असं विरुद्ध वागणं मला आजही विलक्षण वाटतं. पाइनवाल्यांना धीरही फार लागतो. शंकूची कळी आदल्या हंगामात ठरते आणि परागण झाल्यावरही बी पिकायला बहुतेक जातींत वर्षाहून जास्त काळ जातो.

मामा हे ऐकून हरखले. "मग सगळ्याच फांद्यांस्नी तार आवळतो की!"

मी ठामपणे नाही म्हटलं. मुळांना अन्नच पोचलं नाही तर अख्खं झाड खंगेल. जखमी झाड कधीकधी जीव जायच्या आधी भरभरून फळतं, तो बहर धोक्याचा असतो. कल्टारचीही घाई नको, जानेवारीत घालून काही उपयोग नाही. ते जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, पाण्यात मिसळून मुळांभोवती द्यायचं. आमच्या भागात लोक अंदाजानं बाटली उपडी करतात आणि पुढे आखूड, गुच्छासारखी पालवी येते, ते बघून जीव तुटतो.

त्याआधी साधे उपाय करायचे ठरले. उसाचा पाट झाडापासून लांब वळवायचा, पावसाळा सरल्यावर पाणी आणि युरिया दोन्ही बंद, फळं उतरल्यावर मधल्या दाट फांद्या काढून आत ऊन घ्यायचं. एवढ्यानं मोहर आला तर कल्टार लागणारच नाही.

"आणि ही तार?" मामांनी विचारलं.

यंदाचे आंबे उतरले की कापायची. सालीत रुतलेला तुकडा ओढून काढायचा नाही, बाहेर दिसते तेवढीच पकडीनं जागोजागी तोडायची. कपड्यांसाठी विहिरीजवळ दोन खांब रोवायचे. ते काम सूनबाईंनी त्याच दुपारी मुलांना सांगून टाकलं.