बुवा, दिवस ६७: लिफ्ट

काल रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी बुवा, म्हणजे ६७ दिवसांपूर्वी घरी आणलेला आमचा म्हातारा कुत्रा, पहिल्यांदाच स्वतःच्या चार पायांनी लिफ्टमध्ये शिरला. मी उचललं नाही, ओढलं नाही, मागून हात लावला नाही. आधी पुढचे दोन पाय, मग बराच वेळ नुसतं हुंगणं, मग मागचे दोन. मी जाळी ओढली. चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत तो माझ्या गुडघ्याला अंग टेकून उभा होता. खाली उतरल्यावर त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं. ताण सुटल्याची ती झटक तुम्ही सगळे ओळखता. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

आणि आज सकाळी साडेसहाला त्याच लिफ्टसमोर तो पाय रोवून बसला. काही केल्या हलेना. हे का झालं ते कळायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासाने मला गेल्या दोन महिन्यांपेक्षा जास्त शिकवलं.

बाकीचं पटकन सांगते. टिक फीव्हरचा (गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचा) २८ दिवसांचा डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, प्लेटलेट्स वर आल्या. पालिकेचा परवाना काढला. पावसाळा असल्यामुळे लेप्टोची (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस राहिली नाही ना, हे डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतलं. साचलेल्या पाण्यातून मी त्याला नेतच नाही.

आता मूळ दुखणं. आमची मुलुंडची इमारत जुनी, चौथा मजला, ६८ पायऱ्या. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला तेव्हा दोन्ही खुबे झिजलेले दिसले. दातांवरून वय दहाच्या पुढचं. त्यामुळे आधाराशिवाय जिना बंद. वजन १७ किलो ४०० ग्रॅम, दिवसातून तीन खेपा. आईच्या जुन्या सुती नऊवारीची चौपदरी पट्टी करून ती पोटाखालून धरायची आणि मागचा भार आपण घ्यायचा, ही युक्ती मागे सांगितली होतीच. विकतच्या स्लिंगपेक्षा ती कितीतरी बरी, कारण मांडीच्या सांध्यात रुतत नाही. पण रोज तीनदा हे करून माझा उजवा खांदा धरला होता.

लिफ्टमध्ये तो का शिरत नाही, याबद्दल माझा पहिला संशय आवाजावर होता. आमची लिफ्ट जाळीची. दार नीट लागलं नाही की ती धून आणि मागोमाग ‘कृपया दरवाजा बंद करें’ सुरू होतं. कुत्र्यांना आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, तेव्हा हा चिरका स्पीकर त्याला टोचत असणार, असं मी धरून चालले. फोनवर तो आवाज रेकॉर्ड केला, जेवणाच्या वेळी आधी अगदी हळू, मग रोज थोडा मोठा लावला. बारा दिवस गेले. कान सुद्धा हलला नाही त्याचा. मग एका दुपारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी ओट्याजवळ बुवा गाढ झोपलेला पाहिला, तेव्हा लक्षात आलं, त्याला ऐकूच कमी येतंय. पहिल्या आठवड्यात मी ज्याला ‘हाक मारली तरी येत नाही, अजून विश्वास बसलेला नाही’ असं लिहिलं होतं, तेही हेच होतं. ते वाक्य मला आता फार लागतं. तेव्हापासून हाक मारण्याऐवजी जमिनीवर दोनदा टाच आपटते. कंप लागला की लगेच मान वळवतो.

दुसरा संशय डोळ्यांवर. बाहुलीत निळसर झाक आहे. मोतीबिंदू नाही, वयानुसार भिंग घट्ट झालंय, असं डॉक्टर म्हणाले. दिसतं, पण कमी उजेडात अडखळतो. सेक्रेटरी काकांना विचारून लिफ्टमधला मिणमिणता दिवा बदलून घेतला. (लिफ्टमध्ये कुत्रा नको, असं कुणी अडवत असेल तर पशु कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं काढून ठेवा. आमच्याकडे ती दाखवायची वेळ आली नाही.) उजेडाने थोडा फरक पडला. बुवा उंबऱ्यापर्यंत येऊन हुंगायला लागला, उकडलेल्या कलेजीचा तुकडा मान लांबवून उचलायचा आणि मागे सरायचा. तिथे गाडी तीन आठवडे अडली.

तोडगा सापडला तो घरात. आई म्हणाली, ‘अगं, हा पायपुसण्यांवरूनच चालतो बघ.’ खरंच. बाहेरच्या खोलीत जुनी मोझॅक फरशी आहे, तिथे सरळ येतो. स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी बसवलेली गुळगुळीत टाइल आहे, तिथे भिंतीला घासत, एका पायपुसण्यावरून दुसऱ्यावर. आणि लिफ्टची जमीन म्हणजे घासून चकचकीत झालेला पत्रा, पावसात कायम ओला, वर पाय पडला की किंचित खाली दबणारा. मागचा पाय फाकला की खुब्यात कळ येत असणार. लिफ्टची भीती नव्हतीच. घसरण्याची होती.

मग आधी दुखण्याकडे पाहिलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलं. आपल्या घरातली आयबुप्रोफेनची वगैरे गोळी कुत्र्याला चुकूनही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. नखंही वाढली होती. कात्रीच्या कटरला तो पाय ओढून घेतो, म्हणून रोज एका पंजाला साधी कानस लावते.

मॅटचे तीन प्रयोग झाले. ऑनलाइन मागवलेली योगा मॅट पत्र्यावर स्वतःच सरकते, पैसे घालवू नका. काथ्याची पाणी पिऊन जड होते आणि दोन दिवसांत वास मारते. शेवटी गाडीच्या मॅट कापून देणाऱ्या दुकानातून रेघांची जाड रबरी मॅट मापाने कापून आणली, साडेतीनशे रुपये. लिफ्टमध्ये घालण्याआधी आठ दिवस त्याचं जेवण त्याच मॅटवर वाढलं. काल ती लिफ्टमध्ये घातली, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

आता आज सकाळ. झाडूवाल्या मावशींनी मॅट धुऊन कठड्यावर वाळत टाकली होती. त्यांनी चांगल्या मनानेच केलं. बुवाने मात्र उघडा पत्रा पाहिला आणि बसला. क्षणभर मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. मग कठड्यावरची मॅट दिसली. पुसून आत घातली. चार मिनिटांनी त्याचे पुढचे दोन पाय आत आले. तेवढ्यावरच थांबले, कलेजी दिली आणि नऊवारीच्या पट्टीने जिन्याने खाली नेलं. माझा अंदाज बरोबर आहे का, हे मुद्दाम तपासायला मी मॅट कधीच काढली नसती.

खरं तर या आठवड्यात कलेजी कमी करत न्यायची, असं ठरवलं होतं. ते रद्द. आधी मॅट वाढवते. एक वाळेपर्यंत दुसरी आत हवी, आणि चौथ्या मजल्यावर नि खाली उंबऱ्याच्या अलीकडे एकेक तुकडा, म्हणजे पाय पत्र्यावर पडणारच नाही. आतली मॅट जाळीच्या रुळावर येऊ द्यायची नाही. आणि पट्टा नेहमी आखूड, हातात गुंडाळलेला ठेवा. जाळीत अडकून लिफ्ट सुटली तर जिवावर बेतेल.

हे लिहिताना आत्ता सुचलं. दवाखान्यातलं तपासणीचं टेबलही स्टीलचं आहे. तिथे तो थरथरतो, ते मी आजवर सुईच्या भीतीने समजत होते. शनिवारी तपासणीसाठी त्याचं रक्त द्यायला जायचंय. मॅट गुंडाळून बरोबर नेते आणि आधी टेबलावर ती अंथरते. म्हणजे तीन नाही, चार तुकडे लागणार. दुकान साडेआठला बंद होतं, निघते.