बायपासनंतर दूध बाधायला लागलं तेव्हा

आमच्या घरी गवळाऊ गाई आहेत. आर्वी तालुक्यात त्याचं काही नवल नाही. जोडीला एक म्हैसही आहे. अशा घरच्या सुनेला दूध पचत नाही म्हटल्यावर लोकांना आधी हसूच येतं.

मला मधुमेह होता आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३९. मधुमेहासारखा आजार असला तर आपल्याकडे त्याहून कमी बीएमआयलाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. नागपूरला गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवायची जठराची शस्त्रक्रिया, करून घेतली. ऑपरेशन नीट झालं, शुगर उतरली, वजन उतरलं.

सुट्टी होताना आहाराचा कागद मिळाला. सकाळी दूध, अकरा वाजता दुधात प्रोटीन पावडर, संध्याकाळी पुन्हा दूध. मामाजी कागद बघून खूश. "हे त आपल्या घरचंच औषध हाय," म्हणाले, आणि माझं दूध वेगळ्या गंजात निघू लागलं.

सुरुवातीला घोट-घोट घेत होते तोवर काही जाणवलं नाही. प्रमाण वाढलं तसा त्रास सुरू झाला. दूध घेतल्यावर तासाभरानं पोटात गुडगुड, मग पोट टम्म फुगायचं आणि मग जुलाब. मी अंगणवाडीत काम करते. खिचडी वाढता वाढता पळी मदतनीस ताईच्या हातात देऊन पळायची वेळ यायला लागली, आणि आमच्या अंगणवाडीच्या संडासात पाणी बाहेरून बादलीनं न्यावं लागतं. पुढचं सांगत नाही.

दवाखान्यात फोन केला की एकच उत्तर: "डंपिंग असेल, गोड बंद करा." गोड तर बंदच होतं! आणि डंपिंग, म्हणजे गोड भराभर आतड्यात उतरून होणारा त्रास, मला ठाऊक होतं. पोळ्याला पुरणपोळीचे दोन घास खाल्ले होते, तर पंधरा-वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडली, आडवं व्हावं लागलं. दुधाचं तसं नव्हतं. घाम नाही, धडधड नाही, त्रास उशिरा, आणि सगळा कारभार खालच्या पोटात. शेवटी सिलिंडर लागल्याची तारीख लिहितो त्या कॅलेंडरवरच लिहायला घेतलं: काय खाल्लं, किती वाजता, पोट केव्हा बिघडलं. पुढच्या खेपेला ते पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी बोट फिरवत वाचलं आणि म्हणाले, "हे डंपिंग नाही, लॅक्टोज आहे."

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरात असतं, जास्त करून वरच्या भागात. बायपासमध्ये अन्न त्यातला बराच भाग टाळून पुढे जातं. शिवाय जठराची पिशवी इतकीशी, दूध तिथं थांबतच नाही, सरळ पुढे धावतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस होतो, आतड्यात पाणी ओढलं जातं. मोठेपणी लॅक्टेज कमी होणं आपल्या लोकांत तसंही खूप आहे. कित्येकांचं थोडक्यात भागत असतं, ऑपरेशननं ते उघडं पडतं. श्वासातला हायड्रोजन मोजायची तपासणी असते, पण डॉक्टर म्हणाले, आधी दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा.

दूध बंद करणं सोपं. चहा बंद करणं अवघड. आमच्या गावात कोणाच्या ओसरीवर टेकलं की चाय आलीच. नाही म्हटलं तर, "काहून वं, आमच्या घरची चालत नाही का?" मग मी आत शिरतानाच ओरडून सांगायला लागले, "मले कोरी द्या!" आधी बाया तोंड वाकडं करायच्या, आता आपणहून दूध न घालता माझा कप बाजूला काढतात. खरी लबाडी निघाली ती प्रोटीन पावडरीत. डब्यावर मागे व्हे कॉन्सन्ट्रेट लिहिलेलं होतं, म्हणजे दुधाच्या निवळीचं प्रोटीन, त्यात लॅक्टोज असतं. त्याहून शुद्ध केलेल्या आयसोलेटमध्ये नावापुरतं राहतं, पण त्याची किंमत ऐकून आमचे हे गप्पच झाले.

दोन आठवड्यांत पोट शांत झालं. मग एकेक वस्तू परत आणली. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच, ते पहिलं. मग घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, कारण बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं. मग दही. सासूबाईंना हे काही केल्या पटेना: "दूध नाही पचत अन् त्याच दुधाचं दही पचते? हे कोनतं शास्तर?" पण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात आणि पोटात गेल्यावरही पचवायला हातभार लावतात. माझं दही त्या आता चांगलं आंबू देतात. वाटीभर दही मला चालतं, पातळ ताक त्याहून बरं. नुसतं दूध अर्ध्या कपापर्यंत कधी चालतं, कधी नाही. त्या फंदात मी पडत नाही.

प्रश्न प्रोटीनचा होता. दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगितलेलं, आणि कागदावरचा निम्मा हिशेब दुधावर. ते अंडी, घट्ट तुरीचं वरण, मासे, पातोडी आणि सोयावडी यांवर ओढून आणलं. मजा बघा, सोयाबीन आमच्याच वावरात पिकतं, ते बाजार समितीत जातं आणि वडी आम्ही पाकिटातून विकत आणतो. कॅल्शियमची गोळी मात्र सायट्रेटचीच घ्या. बायपासनंतर जठरात आम्ल कमी असतं, कार्बोनेट नीट लागत नाही. आणि ती लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब.

लॅक्टेजची गोळी मिळते, पहिल्या घासाबरोबर घ्यायची. लग्नसराईत पर्समध्ये ठेवते, भाजीत खवा-मलई काय घातलंय याचा भरवसा नसतो. मागच्या लग्नात नणंदेनं ती पाहिली आणि बासुंदीची वाटी पुढे केली, "आता काय, गोळी हाय ना!" पण गोळी फोडते ती दुधातली साखर. वरून घातलेल्या साखरेवर तिचं काही चालत नाही, तिथं डंपिंग ठरलेलं. वाटी तिलाच परत दिली, तिनं दोन्ही संपवल्या.