दर मिलिमीटरला एक पुटकुळी

स्वतः बांधलेल्या मिलिंग मशीनवर (धातू कापायच्या यंत्रावर) थ्रीडी प्रिंटरसारखं थरावर थर देत प्लास्टिक छापायला लागून आठवडा झाला, पण पहिल्या वर्तुळाचा दिवस अजून डोक्यातून जात नाही.

फिक्श्चरसाठी, म्हणजे काम पकडून ठेवणाऱ्या साधनासाठी, प्लास्टिकचे लोकेटर (काम नेमक्या जागी टेकवणारे तुकडे) हवे होते आणि मशीन रिकामं होतं. गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहून नेणारी हलती चौकट, १४ किलोची. ॲल्युमिनियम कापताना तिचं ते वजन मला अभिमानाचं वाटतं, कारण कटर जराही थरथरत नाही. वेग मात्र सेकंदाला २० मिमी, त्यापुढे मोटरी स्टेप सोडतात, म्हणजे सांगितलेलं पाऊल चुकवतात.

स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) काढून त्याच क्लॅम्पमध्ये हॉटएंड, म्हणजे प्लास्टिक वितळवणारा भाग, बसवला. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरमध्ये ए हा फिरता अक्ष मोकळा होता, त्यावर एक्स्ट्रूडरची, म्हणजे प्लास्टिकची तार (फिलामेंट) आत ढकलणारी मोटर जोडली. मशीनसाठी हुकमांची फाइल बनवणारा स्लायसर प्रोग्राम या मोटरसाठी 'ई' लिहितो, तो एका छोट्या स्क्रिप्टने 'ए' केला. इथे एक गोम आहे. एक्स-वाय हलत असतील तर एफ (फाइलमधला वेगाचा आकडा) त्यांचा वेग ठरवतो आणि ए त्यांच्यासोबत सुरू होऊन त्यांच्यासोबत थांबतो. पण रिट्रॅक्शनला, म्हणजे फिलामेंट थोडं मागे ओढताना, ए एकटाच हलतो, तेव्हा तोच एफ मिनिटाला इतके अंश असा वाचला जातो. म्हणून फिलामेंटचा १ मिमी म्हणजे १ अंश असं स्केल ठेवलं आणि आकडे जुळले. हे जमलं त्याचा मला मनापासून आनंद झाला.

संथ छपाईत खरी अडचण उष्णतेची. ०.४ मिमीचं नोझल (प्लास्टिक बाहेर पडायचं टोक), ०.२ मिमीचा थर आणि हा वेग धरला तर सेकंदाला जेमतेम १.६ घनमिमी प्लास्टिक लागतं. १.७५ मिमी जाडीच्या फिलामेंटचा सेकंदाला पाऊण मिलिमीटरही आत जात नाही. ते गरम भागात रेंगाळतं, पातळ होतं, गळतं. माझं प्लास्टिक पीएलए, त्याचं तापमान मी २१० वरून १९० अंशांवर आणलं. हॉटएंडचा वरचा भाग थंड ठेवणारा हीटसिंकचा पंखा तर क्षणभरही बंद ठेवून चालत नाही, नाहीतर फिलामेंट वरच मऊ होऊन नळीत अडकतं.

एवढं करूनही ४० मिमी व्यासाचं वर्तुळ पुटकुळ्यांनी भरून आलं. डिझाइन बघणारा सहकारी म्हणाला, "फिलामेंट ओलं आहे." कुठलाही दोष दाखवला तरी तो हेच सांगतो. तरीही मी रीळ चार तास वाळवलं. पुटकुळ्या तशाच. सकाळ वाया गेली याचा राग त्याच्यापेक्षा माझ्यावरच जास्त आला, कारण ओलाव्याचे फोड कुठेही, कसेही येतात आणि नोझलपाशी चटचट आवाज होतो. इथे आवाज नव्हता आणि सरळ भिंती स्वच्छ होत्या.

शेवटी मोजायला व्हर्नियर लावला. दोन पुटकुळ्यांमधलं अंतर सगळीकडे साधारण १.०५ मिमी. फाइल उघडली तर वर्तुळ १२० सरळ तुकड्यांचं होतं आणि प्रत्येक तुकडा तेवढ्याच लांबीचा. मग घड्याळ लावलं. एक फेरी सहा-साडेसहा सेकंदांत व्हायला हवी, तिला २० लागत होते. मशीन प्रत्येक बिंदूवर थांबत होतं.

फाइलच्या सुरुवातीला माझाच जी६१ होता, म्हणजे प्रत्येक बिंदू तंतोतंत गाठ, गरज पडली तर थांब, असा हुकूम; मिलिंगच्या साच्यातून आलेला. मिलिंगला कोपरे टोकदार हवेत म्हणून मी तो कायम ठेवतो. तिथे कटर क्षणभर थांबला तरी फारसं बिघडत नाही. इथे गॅन्ट्री थांबते, एक्स्ट्रूडरही थांबतो, पण नोझलमधला दाब थांबत नाही. जागच्या जागी थेंब बाहेर येतो. माझ्या मशीनचं त्वरण (वेग वाढायचा दर) १५० मिमी प्रति सेकंद वर्ग. पूर्ण वेग गाठायलाच १.३ मिमी लागतात, म्हणजे १.०५ च्या तुकड्यात तो कधी येणारच नव्हता. त्याजागी जी६४ पी०.०५ लिहिलं, म्हणजे ०.०५ मिमीपर्यंत वाट चुकली तरी चालेल पण न थांबता जा, आणि पुढचं वर्तुळ गुळगुळीत आलं, फेरी सातच्या आत.

काटकोन मात्र सुटलेला नाही. तिथे वेग मोडावाच लागतो आणि कोपरा ०.३ मिमी फुगतो. लोकेटर नेमका कोपऱ्यातच टेकतो. सध्या ड्रॉइंगमध्येच कोपऱ्याला रिलीफ देतोय, म्हणजे तिथे थोडी जागा मोकळी सोडतोय, त्यावर काम भागतंय. लोक येऊन फक्त किती तास लागले ते विचारतात, कोपरा कोणी बघत नाही.

त्वरण ३०० केलं की स्टेप सुटतात, म्हणजे गॅन्ट्री हलकी करायला हवी. १२ मिमीच्या प्लेटांना भोकं पाडली तर तीनेक किलो कमी होतील. खुणा करून ठेवल्या आहेत. पण पुढच्या आठवड्यात याच गॅन्ट्रीवर पुन्हा स्पिंडल चढणार आहे, म्हणून ड्रिल अजून लावलेलं नाही.