इस्त्री उघडण्याआधी तिचं गणित मांडा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या विजेच्या धड्यातली गणितं मुलं धडाधड सोडवतात. पण रोध कुठं असतो रे, असं विचारलं की वहीतल्या नागमोडी रेघेवर बोट ठेवतात. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मोडकी उपकरणं उघडून बघायचा तास सुरू करायचं ठरवलं.

हेडसरांची अट एकच होती, पोरांना करंट बसता कामा नये. तोच पहिला नियम झाला. वस्तू वर्गात आली की स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी तिची पिन कापायची, म्हणजे हौसेनं कुणी बोर्डात खुपसायचा प्रश्नच उरत नाही. काही वस्तू तर दारातूनच परत पाठवायच्या: मायक्रोवेव्ह, जुना डबा टीव्ही, फ्रिज, फुगलेली मोबाईलची बॅटरी आणि पारा असलेले सीएफएल दिवे. मोबाईलचे चार्जर, डीव्हीडी प्लेअर यांचा पॉवर सप्लाय मी स्वतः आधी तपासतो. आत कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग असतो आणि 230 व्होल्टचा एसी डीसीत बदलला की त्यावर सव्वातीनशेच्या घरात व्होल्ट चढतात. पिन काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. फॅनच्या कपॅसिटरलाही हाच न्याय.

सामान गोळा करायला काहीच कष्ट पडले नाहीत. आमच्याकडचा पाऊस असा की पोटमाळ्यावरचं निम्मं सामान गंजूनच खाली येतं. एका मिक्सरमध्ये तर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं निघालं आणि त्या दिवशी भौतिकशास्त्र बाजूला राहून जीवशास्त्राचाच तास झाला. पाने-पकडी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका पालकांनी दिल्या.

सगळ्यात जास्त शिकवलं ते इस्त्रीनं. उघडायच्या आधी पाटीवरचं वाचायला लावलं: 1000 वॅट, 230 व्होल्ट. मग व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, उत्तर 52.9 ओहम. आता रोध, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा म्हटलं. मीटर काहीच दाखवेना. "सर, जळलीय ही." "बघूया की." एका मुलीनं सहज बटण फिरवलं, आत टक् झालं आणि मीटरवर पन्नासच्या आसपास आकडा आला. बटण बंदवर होतं! तो टक् आवाज कसला, हे शोधायला मग सगळ्यांनाच इस्त्री उघडायची घाई झाली. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, संपर्क सुटतो. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये गुंडाळलेली, तापणारी नायक्रोम मिश्रधातूची पट्टीही दिसली.

त्याच तासाला 60 वॅटचा जुना बल्ब पुढं केला. गणितानं 882 ओहम यायला हवेत, मीटरवर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. इस्त्रीचं गणित नुकतंच जुळलेलं, त्यामुळे मीटरला दोष देता येईना. टंगस्टनची तार थंड असताना रोध कमी आणि पांढरीशुभ्र तापली की कितीतरी पट जास्त. नायक्रोमचा मात्र फारसा हलत नाही. हे मी आधी सांगितलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं.

नव्या वस्तू मात्र शिकवायला निरुपयोगी, हे माझं ठाम मत आहे. स्वस्तातलं खेळणं उघडा, हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखालच्या चिपमध्ये सगळा कारभार. पोरं विचारणार काय आणि मी दाखवणार काय! डीव्हीडी प्लेअरच्या ट्रेची छोटी मोटर त्यातल्या त्यात बरी. तिचं चाक बोटानं फिरवलं की मल्टिमीटरवर व्होल्ट दिसतात, म्हणजे मोटर आणि जनित्र एकाच वस्तूत उरकतं.

जुना ट्रान्झिस्टर तर सोनं! सेलवर चालतो, त्यामुळे उघडा ठेवून चालू करता येतो. बटण फिरवलं की गँग कंडेन्सरची, म्हणजे स्टेशन निवडणाऱ्या कपॅसिटरची पानं एकमेकांत सरकताना दिसतात आणि स्टेशन बदलतं. एका घरातून आजोबांचा रेडिओ आला. मराठी कार्यक्रमांना सांगली आणि कन्नडला धारवाड, असा त्यांचा दिवस वाटलेला असायचा. आम्ही धारवाड लावलं, 765 किलोहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला त्यानं भागलं तर तरंगलांबी 392 मीटर येते, आमच्या मैदानापेक्षा लांब. ती लाट पकडायला आत वीतभर फेराइटची, म्हणजे लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची काळी कांडी. रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवला की एका ठिकाणी आवाज एकदम बसतो. तेव्हा कांडीचं टोक स्टेशनकडे असतं. टोकं दोन, त्यामुळे दिशाही दोन निघतात; नकाशा काढून त्यातली खरी कुठली ते ठरवलं. खानापूरहून धारवाड आग्नेयेला, जरा पूर्वेकडे झुकलेलं. होकायंत्र ठेवून पोरांनी शाळेच्या भिंतीवर खडूनं बाणच काढला. हेडसरांनी तो अजून पुसू दिलेला नाही.

उरलेल्या तुकड्यांचं काय, हा प्रश्न पालकसभेत आला. तांब्यासाठी वायरी जाळायच्या नाहीत, हे पोरांना बजावलंय. तांबं, लोखंड, प्लास्टिक वेगळं करून पोत्यात भरतो, सर्किटच्या पट्ट्या आणि सेल निराळे ठेवतो. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, तेव्हा या पट्ट्या साध्या भंगारात न घालता नोंदणीकृत ठिकाणीच द्यायच्या. त्यासाठी बेळगावची एक खेप मारावी लागते. पोत्यावर आठवीच्या मुलांचा डोळा आहे, त्यातले स्पीकरचे चुंबक त्यांना आधी हवेत.