अडथळा नेमका कोणाकडे?

संवादकौशल्याच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच एक आकृती भेटते : एका बाजूला प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक, मध्ये माध्यम आणि त्यात शिरणारा ‘गोंगाट’. तिचे मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या शोधनिबंधात आहे. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या या गणितज्ञाला संदेशवहनाच्या यंत्रणांचा प्रश्न सोडवायचा होता आणि संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, असे त्यांनी निबंधाच्या आरंभीच लिहून ठेवले होते. पुढे हीच आकृती माणसांच्या बोलण्याला लावली गेली आणि अडथळ्यांच्या यादीत प्रादेशिक हेल, ‘सदोष’ उच्चार, संकोच हे सारे येऊन बसले. तारेतला दोष असा बोलणाऱ्याच्या तोंडात गेला. ऐकणाऱ्याच्या कानातही तो असू शकतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

हा विषय महाविद्यालयात शिकवताना माझा मुख्य आक्षेप याच बाबीला आहे. घरी अहिराणी बोलणारी एखादी विद्यार्थिनी आपल्या गावच्या पाणीटंचाईवर मुद्देसूद बोलते, प्रश्नांना नेमकी उत्तरे देते आणि तरीही अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यातील ‘उच्चार’ व ‘आत्मविश्वास’ या दोन रकान्यांत तिचे गुण कापले जातात. त्यांपैकी ‘आत्मविश्वास’ हा रकाना मला अधिक अन्यायकारक वाटतो, कारण लहानपणी वडीलधाऱ्यांसमोर मत मांडण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, एवढेच त्यातून बहुधा मोजले जाते.

म्हणून माझ्या वर्गात सादरीकरणाच्या गुणांतला मोठा वाटा श्रोत्यांकडे असतो. वक्त्याचा मुख्य दावा, त्यासाठी दिलेला पुरावा आणि आपल्याला न समजलेली एक जागा श्रोत्याने लिहून द्यायची. पहिल्या दोन गोष्टी बरोबर उतरल्या आहेत असे वक्त्याने मान्य केले, तरच श्रोत्याला गुण मिळतात. एरवी मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्यांनाही मग अनोळखी शब्दाचा अर्थ विचारावा लागतो आणि हेलाला हसण्यात त्यांचेच गुण जातात. ही पद्धत वेळखाऊ आहे, एका तासात फार थोडी सादरीकरणे होतात, आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई असलेल्या सहकाऱ्यांना ती पटत नाही, हेही खरे.

नोकरीच्या मुलाखतीत उच्चार पाहिले जातातच, मग मुलांना त्यापासून दूर का ठेवायचे, हा आक्षेप गंभीर आहे. प्रमाण मराठी आणि मुलाखतीची इंग्रजी मी शिकवतो, तीही कसून. मात्र ही भाषा अधिक शुद्ध आहे असे न सांगता, शासन, छापखाने आणि शाळा यांच्या बळावर तिला हे स्थान कसे मिळाले, हेही त्याच तासाला सांगतो. अर्थात, इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाच्या सफाईदार बोलण्याची टिंगल करणेही तितकेच गैर आहे.

संदेश स्पष्ट असूनही तो पोहोचू दिला जात नाही, हे शिकवायला ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’इतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. त्याच्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. त्या भाषेत संदिग्ध असे काहीही नाही. तरीही पैसे देण्याची तयारी असताना ‘केसरी’ने या पाक्षिकाची जाहिरात छापली नाही, अशी नोंद पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये आली. पाठ्यपुस्तकातील आकृतीत हा नकार कोणत्या खणात बसवायचा, यावर वर्गात बराच वाद होतो. त्या वादात दलित विद्यार्थ्यांकडे ‘तुम्ही सांगा’ म्हणून पाहायचे नाही, हे पथ्य मी पाळतो. अख्ख्या समाजाचे प्रवक्ते होण्याची सक्ती त्यांच्यावर का असावी?

याच कारणाने गटचर्चेत ‘आरक्षण असावे की नसावे’ हा सर्वत्र चालणारा विषय मी देत नाही. त्यात काही विद्यार्थ्यांना आपल्या प्रवेशाचेच समर्थन करावे लागते, आणि बाकीच्यांसाठी तो नुसता वक्तृत्वाचा सराव असतो. त्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील, आरक्षणावरील पन्नास टक्के मर्यादेचा युक्तिवाद सर्वांना वाचायला देतो आणि चिठ्ठी टाकून बाजू ठरवतो.